आधी काटा, मग स्क्रूड्रायव्हर

गणपतीच्या दहा दिवसांत ऑर्केस्ट्राबरोबर फिरणाऱ्या एखाद्या बासवाल्याला त्याच्या डाव्या खांद्याबद्दल विचारून पाहा. चार-साडेचार किलोचं वाद्य गळ्यात अडकवून रोज तीन-चार तास उभं राहायचं, मध्यंतरात दहा मिनिटं टेकायचं आणि रात्री घरी येऊन खांद्याला बाम चोळायचा. पंचविशीत हे खपून जातं. चाळिशी ओलांडली की बोटांना मुंग्या यायला लागतात आणि माणूस हलक्या बासच्या शोधात निघतो. तेव्हा नजर हमखास जाते ती जुन्या, कारखान्यातून कधीच्याच बंद झालेल्या मॉडेलांकडे. कमी वजनाची, हाताला छान बसणारी, पण आवाजात थोडी मागे पडणारी. मग विचार येतो: लाकूड चांगलं घालू, पिकअप नवी टाकू, सर्किट बदलू. हा विचार चांगलाच आहे. पण तो कोणत्या क्रमाने अमलात आणायचा, यावर सगळं अवलंबून आहे.

माझ्याकडे आहे तो फेंडरचा ‘प्रिसिजन बास लाइट’. १९९०च्या दशकात हा जपानमध्ये बनत असे. नेहमीच्या प्रिसिजनपेक्षा बॉडी लहान, कडा गोलसर, लाकूड बासवुड. मान जॅझ बाससारखी निमुळती, नटजवळ साधारण ३८ मिमी, आणि फ्रेट २२. एक प्रिसिजन आणि एक जॅझ अशी दोन पिकअप, आत ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं अ‍ॅक्टिव्ह सर्किट. वजन सव्वातीन-साडेतीन किलोच्या घरात. कंपनीने स्वतःच पुढे महोगनीच्या बॉडीचा ‘डिलक्स’ प्रकार काढला होता, म्हणजे चांगलं लाकूड आणि वेगळी पिकअप घालून बघण्याची इच्छा काही आपल्यालाच होत नाही. बाकी हलक्या बासची उदाहरणंही आहेत. फेंडरचाच १९७१ ते १९८१ या काळातला ‘म्युझिकमास्टर’ बास ३० इंची स्केलचा. त्याच्या झाकणाखाली सहा खांबांचं चक्क गिटारचं पिकअप असे. तिथे काय बदलायचं हे सांगायलाच नको. नेड स्टाइनबर्गरचे १९८०च्या दशकातले बिनडोक्याचे बास कार्बन फायबरचे. तिथे लाकडाचा प्रश्नच नाही, फक्त सर्किटची निगा राखायची. पुढचं सगळं मी लाइट डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे, पण लाकडी बॉडीच्या कोणत्याही हलक्या बासला ते लागू पडेल.

पहिलं काम काट्यावर. स्वयंपाकघरातला पाच किलोचा डिजिटल काटा पुरतो. अख्खा बास तोला आणि आकडा वहीत लिहा. मग एक लाटणं घ्या, टेबलावर आडवं ठेवा आणि त्यावर बास आडवा तोलून धरा. ज्या जागी तो कुठेही न झुकता स्थिरावतो, तिथे मागच्या बाजूला कागदी टेपची पट्टी लावा. हा तुमच्या बासचा तोलबिंदू. पट्ट्याची वरची खुंटी या बिंदूच्या मानेकडच्या बाजूला असेल तर बास गळ्यात सरळ राहील. तोलबिंदूच खुंटीच्या पलीकडे, मानेकडे गेला असेल तर हात सोडताच डोकं खाली जाणार, आणि डावा हात सूर धरायच्या ऐवजी मान उचलून धरण्यात दमणार. साडेतीन किलोचा असा बास चार किलोच्या तोललेल्या बासपेक्षा जास्त थकवतो. बॉडी हलकी असते, पण मान आणि डोकं नेहमीच्याच वजनाचं असतं. हलक्या बासचं मूळ दुखणं हेच आहे आणि ते लाकूड बदलण्याआधी ओळखायला हवं.

यावरचा सर्वात स्वस्त उपाय ट्यूनर. जुने मोठ्या कानाचे पोलादी ट्यूनर एकेक शंभर ग्रॅमच्या पुढे असतात. हिपशॉटचे अल्ट्रालाइट किंवा गोटोचे हलके ट्यूनर साठ-सत्तर ग्रॅमच्या आसपास. चारांत मिळून दीड-दोनशे ग्रॅम वाचतात. आता तरफेचा हिशोब करा. पट्ट्याची खुंटी बाराव्या फ्रेटच्या आसपास असेल, तर ट्यूनर तिथून सुमारे ५३ सेमीवर आणि ब्रिज ४३ सेमीवर. म्हणजे डोक्याकडचे २०० ग्रॅम कमी करणं हे ब्रिजपाशी पाव किलो वजन लादण्याइतकं काम करतं, आणि तेही खांद्यावर वजन न वाढवता. विकत घेण्याआधी जुन्या ट्यूनरच्या भोकाचा व्यास आणि स्क्रूंमधलं अंतर व्हर्नियरने मोजा. भोक मोठं करता येतं, लहान करणं ही डोकेदुखी असते. एक गोष्ट लक्षात ठेवा. बोल्ट-ऑन मानेच्या बासवर पहिल्या तारेला, पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास, एखादा सूर लवकर विझतो. डोक्याचं वजन बदललं की तो सूर एखाद्या फ्रेटने सरकतो. कधी सोयीच्या जागी जातो, कधी गैरसोयीच्या. म्हणून जुने ट्यूनर फेकू नका.

मग सेटअप. हे सांगताना माझा आग्रह जरा कडक आहे, कारण ‘आवाज मेला आहे’ म्हणून आणलेल्या बासपैकी कित्येकांना फक्त नवीन तारा आणि सरळ केलेली मान एवढंच हवं असतं. पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत ०.३ ते ०.४ मिमीची फट ठेवा. मानेतला ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका आणि फिरवल्यावर बासला रात्रभर विश्रांती द्या. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दोन-अडीच मिमी. पिकअपची उंची बदलून बघा. हे सगळं झाल्यावर आठवडाभर वाजवा. त्यानंतरही जे खटकतं तेवढंच खरं दुखणं.

आता सर्किट. बॉडीपेक्षा इथे हात घालणं सोपं आहे, आणि फरकही इथेच जास्त पडतो. तीस वर्षांपूर्वीच्या अ‍ॅक्टिव्ह सर्किटमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात आणि ते वयाबरोबर सुकतात. लक्षणं अशी: खालचे सूर पातळ, आवाज वाढवला की पसरट फाटका नाद, मागे कायमचा सूं-सूं आवाज. किनारपट्टीवर राहत असाल तर बॅटरीच्या क्लिपवर हिरवट थर आणि पॉटमध्ये खरखर हे ठरलेलं. कपॅसिटर बदलून आणि पॉटला कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जुनं सर्किट पुन्हा धावायला लागतं. काही वेळा तेवढंच पुरतं.

पुरत नसेल तर आधी मल्टिमीटर लावा. साध्या प्रिसिजन पिकअपचा रोध १० ते ११ किलोओम, जॅझचा ७ ते ८ किलोओम भरतो. आकडा अनंत दाखवला तर गुंडाळी तुटलेली आहे. लेस सेन्सरसारख्या वेगळ्या बनावटीच्या पिकअपचे आकडे वेगळे येतात, त्यांना या मापाने जोखू नका. नवीन पिकअप घेताना नाव बघण्याआधी माप बघा. जॅझची पिकअप दोन लांबीची येतात. ब्रिजकडचं मानेकडच्यापेक्षा दोन-अडीच मिलिमीटरने लांब असतं. एवढ्याशा फरकापायी बासवुडची बॉडी पटाशीने कोरत बसणारे मी पाहिले आहेत. बासवुड इतकं मऊ की पटाशी घसरली तर पिकअपच्या कडेला कायमचा दात राहतो.

पिकअपच्या निवडीबद्दल माझं मत असं: हलक्या, लहान बॉडीच्या बासला फार गरम पिकअप देऊ नका. सेमूर डंकनचं क्वार्टर पाउंड किंवा दिमार्झिओचं मॉडेल पी ही जोरकस पिकअप आहेत. रॉक वाजवणाऱ्याला ती आवडतील. पण ढोलकी, तबला आणि कीबोर्डच्या गर्दीत लावणीपासून भक्तिगीतापर्यंत सगळं वाजवायचं असेल, तर मध्यम ताकदीचं, स्वच्छ पिकअप अधिक उपयोगी पडतं. खालच्या मोकळ्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्‌झचा. तो मांडवातल्या स्पीकरमधून तसाही फारसा येत नाही. ऐकणाऱ्याला बास कळतो तो त्या सुराच्या वरच्या पटींतून, आणि त्या पटी स्पष्ट ठेवणारं पिकअप गर्दीत हरवत नाही.

पुढचा प्रश्न अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह. पॅसिव्ह बासच्या मागे लांब केबल लावली की केबलचं स्वतःचं कपॅसिटन्स वरचे सूर खाऊन टाकतं. मीटरला शंभरेक पिकोफॅरड धरले तर सहा मीटरला सहाशे होतात. अ‍ॅक्टिव्ह सर्किट हा भार पिकअपवर येऊ देत नाही. अ‍ॅग्विलारचं ओबीपी मालिकेतलं किंवा बार्टोलिनीचं प्रीअ‍ॅम्प अशा बासमध्ये छान बसतं. मात्र एक बायपास स्विच हवाच. तो नसेल तर बॅटरी संपली की ऐन कार्यक्रमात बास मुका होतो. स्विच खाली केला की पिकअप थेट जॅकला जोडलं जावं, टोन थोडा बदलेल पण गाणं थांबणार नाही. बॅटरीचा हिशोबही एकदाच करून ठेवा. मल्टिमीटर बॅटरीच्या वायरीत मालिकेत जोडून सर्किट किती करंट ओढतं ते बघा. साध्या ९ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीत पाचशेच्या आसपास मिलिअँपिअर-तास असतात. करंट अर्धा मिलिअँपिअर असेल तर ती हजार तासांच्या जवळपास चालेल, मात्र केबल काढून ठेवत असाल तर. अ‍ॅक्टिव्ह बासमध्ये स्टिरिओ जॅक असतो तो स्विच म्हणून. केबल आत राहिली की बॅटरी रात्रभर जळत राहते. १८ व्होल्टवर चालवायचं तर दुसऱ्या बॅटरीचे ४५ ग्रॅम वाढतात आणि तिच्यासाठी जागा कोरावी लागते. जोरात चापट मारून वाजवणाऱ्यांना याचा उपयोग आहे, बाकीच्यांनी या फंदात पडू नये.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. पॉट घेताना त्यावर छापलेलं अक्षर वाचा. ‘ए’ म्हणजे कानाच्या सवयीप्रमाणे वाढणारं, ‘बी’ म्हणजे सरळ रेषेत वाढणारं. पॅसिव्ह बासच्या आवाजासाठी ‘ए’ २५० के घ्या. दुकानात सहज हाती येतो तो ‘बी’ असतो आणि तो लावला की पहिल्या पाव फेऱ्यात सगळा आवाज येऊन पुढे काहीच होत नाही. प्रीअ‍ॅम्पबरोबर मात्र त्याच्या नकाशात लिहिलेले पॉटच लावा, ते बरेचदा फार कमी रोधाचे, म्हणजे २५ के वगैरे असतात. टोनसाठी ०.०४७ मायक्रोफॅरडचा साधा पॉलिस्टर कपॅसिटर पुरे. जुन्या कागदी कपॅसिटरच्या मागे धावू नका.

सर्किटच्या खाचेला आतून तांब्याची चिकटपट्टी लावा. पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात तिथे सोल्डरचा ठिपका द्या आणि सगळं एका जागी ग्राउंड करा. याने मांडवातल्या एलईडी दिव्यांची गुणगुण बरीच कमी होते. इथे एक गंभीर गोष्ट. बहुतेक बासमध्ये तारा ब्रिजमार्गे ग्राउंडला जोडलेल्या असतात. उत्सवाच्या मांडवात अर्थिंग नीट नसेल आणि अ‍ॅम्पमध्ये दोष असेल, तर तारांवर हात आणि माइकला ओठ लागताच जोराचा झटका बसू शकतो. टेस्टर तारांना लावून बघण्याची सवय ठेवा. दिवा लागला तर अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत वाजवू नका, मंडळाचा अध्यक्ष कितीही घाई करो.

आता लाकूड. याला मी मुद्दाम शेवटी आणलं. सॉलिड बॉडीच्या वाद्यात पिकअप टिपतं ते तारेचं कंपन. लाकडाचा त्यावर परिणाम होतो, पण मानेचा ताठपणा आणि मान-बॉडीचा सांधा किती घट्ट आहे याचा प्रभाव जास्त, असा माझा अनुभव आहे. बासवुडचा खरा दोष आवाजात नाही, स्क्रू धरण्यात आहे. एका दुकानात मी पट्ट्याची सैल झालेली खुंटी दुरुस्तीला दिली. तिथल्या माणसाने भोकात आगकाडी खुपसून तोच स्क्रू परत पिळला. पंधरवड्याने कार्यक्रमात कोरसच्या मध्यावर खुंटी उपसून आली. गुडघा पुढे केला म्हणून बास वाचला.

असं भोक नीट करायचं तर दोन मार्ग. भोक थोडंसंच ढिलं असेल तर आत फेव्हिक्विकचे तीन-चार थेंब सोडा, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रूच्या अर्ध्या जाडीच्या ड्रिलने वाट करून स्क्रू हाताने बसवा. मऊ लाकडाचे रेषे आतून कडक होतात. भोक फारच ढिलं असेल तर आठ मिमीचं ड्रिल मारून कठीण लाकडाची गुडदी चिकटवा. बाजारातली गोल दांडी कापून ठोकू नका, तिचे रेषे उभे असतात आणि स्क्रू त्यात टोकाच्या बाजूने शिरतो, त्यामुळे पकड येत नाही. फळीच्या तोंडावरून प्लग-कटरने काढलेली, आडव्या रेष्यांची गुडदी हवी. मागच्या झाकणाच्या स्क्रूंना पितळी आट्यांचे इन्सर्ट बसवा, कारण बॅटरीसाठी ते झाकण दर काही महिन्यांनी उघडणार आहे. एवढं केलं की बासवुडची बॉडी आणखी वीस वर्षं निघते.

तरीही नवी बॉडी हवी असेल, बॉडीला चीर गेली असेल किंवा कुणी राऊटरने वाट लावून ठेवली असेल, तर आधी कागदावर वजन काढा. बॉडीचा साचा चौकटीच्या कागदावर उतरवा, चौरस मोजा, जाडीने गुणा, खाचा वजा करा. समजा उत्तर चार लिटर आलं. बासवुडची घनता लिटरमागे सुमारे ०.४२ किलो, म्हणजे बॉडी १.७ किलो. अल्डर ०.४५ ची, १.८ किलो. महोगनी ०.५५ ते ०.६, म्हणजे २.२ ते २.४ किलो. सागवान २.६, मेपल २.८. पॉलोनिया अवघं १.१. या एका हिशोबात बहुतेक स्वप्नं जागी होतात. सुंदर रेषांची सागवानी बॉडी केलीत तर जवळजवळ एक किलो वाढला, आणि मग हलका बास घेतला कशाला? उलट पॉलोनिया घेतलं तर बॉडी पिसासारखी, पण तोलबिंदू मानेकडे पळतो आणि स्क्रूही बासवुडपेक्षा वाईट धरले जातात. हलक्या स्वॅम्प अ‍ॅशचं नाव सगळे घेतात, पण अमेरिकेत अ‍ॅशच्या झाडांना पोखरणाऱ्या किड्यामुळे फेंडरनेच २०२० मध्ये नेहमीच्या उत्पादनातून ते लाकूड आवरतं घेतलं. त्याच्या मागे लागू नका.

आपल्याकडे दोन चांगली लाकडं आहेत. एक तून. सतारी-तंबोऱ्यांच्या कारागिरांचं हे जुनं ओळखीचं लाकूड. ज्या मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या एखाद्या कारागिराशी बोललात तर वाळलेली फळी कशी ओळखायची हे दहा मिनिटांत कळेल. तून घनतेने अल्डरच्या जवळ, रंगाने तांबूस, रंध्याखाली लोण्यासारखं. दुसरं शिवण. हलकं, वाळल्यावर फारसं न वाकणारं, सुतारांच्या हाताला सवयीचं. माझं झुकतं माप तूनला. रेषे देखणे असतात आणि तेल-पॉलिश सुंदर धरतं.

फळी कोणतीही घ्या, ती वाळलेली आहे हा दुकानदाराचा शब्द पुरेसा नाही. फळी घरी आणा, टोकांना मेण किंवा फेव्हिकॉल लावा, पंख्याखाली दोन काठ्यांवर ठेवा आणि दर रविवारी त्याच पाच किलोच्या काट्यावर तोला. वजन तीन आठवडे एकाच आकड्यावर थांबलं की फळी तुमच्या घराच्या हवेला सरावली. पावसाळ्यात हे काम सुरूच करू नका. दिवाळीनंतर फळी आणली तर होळीपर्यंत कापायला तयार होते.

सुताराकडे राऊटर असला तरी मानेची खाच त्याला अंदाजाने कोरू देऊ नका. २२ फ्रेटच्या मानेची टाच नेहमीच्या २० फ्रेटच्या मानेपेक्षा वेगळी बसते, म्हणून तयार टेम्प्लेट चालेलच असं नाही. जुन्या बॉडीच्या खाचेवरून सहा मिमीच्या एमडीएफचा साचा काढा, आधी जुन्या पॅकिंगच्या लाकडावर कोरून मान बसवून बघा. मान हाताने दाबून आत जावी आणि बॉडी उचलली तरी मान सुटू नये, इतकी घट्ट. ३४ इंची स्केलवर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत ४३२ मिमी भरतात. बाराव्या फ्रेटपासून ब्रिजच्या घोड्यापर्यंतही तेवढंच अंतर हवं, शिवाय मागे सरकवायला काही मिलिमीटर मोकळे. हे माप मान बसवल्यानंतर घ्या, आधी नाही. दोन बाहेरच्या तारांच्या जागी दोरा ताणून तो फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून सारखा आहे हे बघितल्याशिवाय ब्रिजचं एकही भोक मारू नका.

वजन आणखी कमी करायचं तर बॉडी आतून पोकळ करता येते, पण ब्रिजखालचा आणि मानेपासून ब्रिजपर्यंतचा मधला पट्टा भरीव ठेवा. पोकळी वरच्या शिंगाकडे करा, मागच्या बाजूला नको. मागचं वजनच मानेला तोलून धरत असतं. पॉलिश पातळ ठेवा. फर्निचरवाला जाड पीयूचे पाच-सहा हात देईल, तेवढ्यानेही बॉडी हातात घेतल्यावर जाणवेल इतकी जड होते.

जुनी बॉडी, जुनी पिकअप, जुनं सर्किट, स्क्रूसकट, एका खोक्यात नावं लिहून ठेवा. बंद झालेल्या मॉडेलचे मूळ भाग पुन्हा मिळत नाहीत आणि विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक आधी तेच विचारतं. सगळं जोडून झाल्यावर बास परत काट्यावर ठेवा, परत लाटण्यावर तोला, नवा आकडा आणि नवी टेप. पहिला पावसाळा संपला की मानेचे चार बोल्ट हाताने तपासा, सैल वाटले तर पाव फेरा द्या, ट्रस रॉडची फट पुन्हा मोजा, आणि पाठीमागची टेप अजून त्याच जागी तोल दाखवते का ते बघा.